टाचणीकाकूची टेप

"तुझी बाही लागली!"

"माझी? डोळे तपासून घे आधी."

"पांढरी इथे होती."

"इथे नव्हती, तिथे होती. आईची शपथ!"

"आईला मध्ये आणू नकोस. ती माझीपण आई आहे!"

टाचणीकाकूने हे भांडण ऐकलं ते शिंप्याच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलाखाली बसून. तेव्हा ती कुणाची काकू नव्हती, पुढचे दात पडलेली पोर होती, आणि लोहचुंबक फिरवून जमिनीवरच्या टाचण्या वेचत होती. वर तिचे वडील आणि चुलता कॅरम खेळत होते. सख्खे भाऊ, एकाच दुकानाचे शिंपी. एक सोंगटी हलली आणि दुकानाच्या मधोमध भिंत आली. दोघे म्हातारे झाले, गेले, भिंत मात्र ठणठणीत राहिली. पलीकडे आता चुलतभाऊ बसायचा. त्याचं मशीन चालू झालं की काकूच्या भिंतीवरची कात्री थरथरायची, बोलणं मात्र तेवढंही नाही.

पोर मोठी झाली, वडिलांच्या मशीनवर बसली, आणि गल्लीच्या टोकाला कॅरमचा हॉल होता तिथे पंचही झाली. घोडं कुठे अडलं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं: बाहीत. म्हणून डाव सुरू व्हायच्या आधी ती प्रत्येकाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडायची आणि टाचणी लावायची.

"काकू, टोचतंय."

"हात सरळ ठेव, टोचणार नाही."

तिथून ती टाचणीकाकू झाली.

तिची दुसरी सवय म्हणजे, पाळी बदलली की खेळणाऱ्याला विचारायचं, "सगळं जागेवर?" पोरं चेष्टेने घरी जेवताना एकमेकांना तेच विचारायची. पण त्या प्रश्नात खोच होती. काकूला दिसलेलं असायचंच, तरी ती आधी बोलायची नाही. ज्याची चूक त्याला आपण होऊन सांगायला जागा ठेवायची. कुणी म्हणालं, "काकू, माझं नख लागलं," की ती मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी शाबासकी द्यायची. आणि जो लपवायचा त्याच्याकडे नुसतं बघायची. ते बघणं फाऊलपेक्षा महाग पडायचं.

आणि मग तो अंतिम सामना आला. एका बाजूला काकूची लेक. दुसऱ्या बाजूला भिंतीपलीकडच्या चुलतभावाचा मुलगा, म्हणजे नात्याने काकूचा भाचा, पण त्याने तिला कधी आत्या म्हटलेलं नव्हतं. पंचबाई म्हणायचा. जो जिंकेल तो शहराच्या संघात जाणार होता.

"पंच घरचाच, मग खेळायचं तरी कशाला?" चुलतभाऊ पहिल्या बाकावरून म्हणाला. तिच्याशी नाही, पंख्याकडे बघून.

काकू लगेच उठली. "दुसरा पंच बसवा."

दुसरे पंच म्हणजे कोपऱ्यावरचे न्हावी. त्यांनी दोन्ही हात वर केले. "मी दिवसभर लोकांच्या गळ्यापाशी वस्तरा धरतो, हात कापत नाही. पण तुमच्या दोन घरांच्या मध्ये? छे!"

भाचा म्हणाला, "पंचबाईच राहू देत." त्याने हात पुढे केला, काकूने बाही दुमडून टाचणी लावली.  आज काही वाकडं झालं तर भिंत आणखी एक पिढी चालणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

शेवटच्या डावात दोघांची एकेकच सोंगटी उरली. भाच्याची काळी पॉकेटच्या तोंडाशी, लेकीची पांढरी तिच्या मागे लपलेली. पाळी लेकीची. सरळ मारावं तर काळीच आत जाणार, म्हणजे आपल्या हाताने समोरच्याला जिंकवणं. 

लेकीने स्ट्रायकर ठेवला. तो दोन्ही रेघांना टेकलाय का ते बघायला काकू बोर्डावर वाकली.

दुकानातून ती तशीच धावत आली होती. गळ्यातली मापाची टेप काढायचं राहून गेलं होतं. टेपचं पितळी टोक झुललं आणि पांढरीला लागलं. पांढरी बोटभर सरकली. पॉकेटची वाट मोकळी झाली.

 सगळ्यांच्या बाह्या टाचणारी ती, आणि स्वतःच्या गळ्यातलं लोंबतं दिसलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणतात ते हेच.

तिने हळूच वर पाहिलं. भाचा बोटांना पावडर चोळत होता. लेक स्ट्रायकर सारखा करत होती. बाकांवरच्या सगळ्या नजरा लेकीच्या बोटावर. कुणाला काही दिसलं नव्हतं. आता गप्प बसलं की लेक संघात. तोंड उघडलं की चुलतभाऊ उभा राहणार, आणि ज्या भांडणाखाली ती लहानपणी बसली होती, त्याच्या वर आज उभं राहावं लागणार.

लेक थांबली होती. आईने विचारल्याशिवाय ती मारायची नाही.

"सगळं..."  काकूने टेप गळ्यातून काढली आणि बोर्डाच्या कडेवर ठेवली. "सगळं जागेवर नाही. माझ्या टेपने पांढरी हलली."

एकच गलका झाला. चुलतभाऊ ताडकन उठला. "बघा! बापाची बाही, लेकीची टेप! घराण्याचाच हातखंडा आहे!"

 काकूने भाच्याकडे पाहिलं. "आधी कुठे होती ते मला नेमकं सांगता येत नाही. तू ठेव."

"पूर्ण आड ठेव!" चुलतभाऊ ओरडला. "एक चिमूटभरसुद्धा दिसता कामा नये!"

 भाच्याने पांढरी उचलली आणि काळीच्या मागे ठेवली, पण अर्धी बाहेर. "पूर्ण आड नव्हती, बाबा."

लेकीने मान वाकडी करून बघितलं. "एवढी बाहेर नव्हती." तिने सोंगटी आत सरकवली.

"होती."

"नव्हती. मघापासून मनातल्या मनात तिलाच शिव्या घालतेय, मला माहीत नाही?"

"इथे होती!"

"इथे नव्हती, तिथे होती!"

 शब्द तेच होते, आवाजाची पट्टीही तीच. काकू पुन्हा त्या टेबलाखाली जाऊन बसली जणू. मग तिच्या लक्षात आलं, दोघं सोंगटी ओढतायत खरी, पण उलटी. लेक त्याच्या फायद्याला ओढतेय आणि भाचा तिच्या.

न्हावी मागून म्हणाले, "बाई, भांडण सोडवा हो. असलं भांडण मी जन्मात पाहिलं नाही, कुणाची बाजू घ्यावी तेच कळत नाही."

काकूने दोघांचे हात बाजूला केले. "जिचं नुकसान, तिचं ऐकायचं." पांढरी आत गेली, तिथेच राहिली. "आता सगळं जागेवर?"

"जागेवर," दोघंही म्हणाले.

लेकीने मागे कडेला आपटून मारायचा प्रयत्न केला. स्ट्रायकर सुरेख फिरला आणि केसाइतका चुकला. भाच्याने काळी अलगद आत ढकलली. लेकीने सगळ्यात आधी हात पुढे केला. तिचे डोळे भरले होते, पण हात सरळ होता.

चुलतभाऊ निघून गेला. भाच्याने कडेवरची टेप उचलून काकूच्या हातात दिली. "आत्या, ही आता घरी ठेवत जा."

काही दिवसांनी तोच भिंतीला वळसा घालून शर्टांचा गठ्ठा घेऊन आला. "काजं करायची आहेत. बाबांनी पाठवलंय."

"आत्याला दे म्हणाले?"

"पलीकडे दे म्हणाले."

"चालेल. पलीकडे तर पलीकडे."

तेव्हापासून काजांचं काम तिचं झालं. गठ्ठा भाचा आणायचा, परत द्यायला काकू स्वतः जायची. चुलतभाऊ मशीनवरून मान वर करायचा नाही, "ठेव तिकडे" म्हणायचा. वर्षं गेली तरी बोलणं तेवढंच.

काकू वारली त्याच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा ती गठ्ठा घेऊन भिंतीला वळसा घालून गेली. चुलतभावाच्या टेबलावर वाकायच्या आधी तिने नेहमीप्रमाणे गळ्यातली टेप काढून मुठीत धरली. शर्ट ठेवले, घड्या सारख्या केल्या.

"सगळं जागेवर?"

"आहे," चुलतभाऊ म्हणाला, आणि त्याने पाय मशीनवर ठेवला. काकू टेप गळ्यात घालून घरी गेली.