झुंबरकाकूची भुई

आमच्या पिंगळीत शहाबादी फरशी सगळ्यात आधी बसली ती माझ्या वडिलांच्या ओसरीत, आणि वडिलांनी ही गोष्ट गावाला कधी विसरू दिली नाही. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण वडिलांची, आप्पारावांची ऐट जहागीरदाराचीच. माझ्या थोरल्या चुलतीच्या, झुंबरकाकूच्या कमलला बघायला पाथरीचे व्यंकटराव येणार हे कळताच ते म्हणाले, "वहिनी, बैठक आमच्याकडं घ्या. तुमच्या घरात मान्सानं बसावं कुठं?"

खोटं नव्हतं ते. काका गेल्यापासून काकूच्या घरची भुई पार उखणली होती. वरून कितीही सारवलं तरी खाली ठेवलेला तांब्या डुगडुगायचा. फरशी बसवायची तिची ऐपत नव्हती. निदान जाजम अंथरून खड्डे झाका, असंही कुणी सुचवलं.

"भावजी, पोरगी माझी हाय," काकू म्हणाली. "तिची सुपारी माझ्याच घरात फुटंल."

तिनं सगळी भुई कुदळीनं खणून काढली. मागची पडकी भिंत पांढऱ्या मातीची होती, ती फोडून आणली. शेण आणि भुसकट घालून चिखल तुडवला, पसरला, आणि लाकडी चोपणं घेऊन एकटीच बडवायला बसली. इथंच चुकलं. भुई ओली असतानाच सगळी चोपावी लागते, ते एका हाताचं काम नव्हे. म्हणून तर गल्लीतल्या बायकांना कुंकू लावून बोलवायची रीत. पण काकू विधवा, कुंकवाचा करंडा घेऊन ती कुणाच्या दारी जाणार? कमलला पाठव म्हटलं, तर म्हणाली, घरची कर्ती मी असताना पोरीला पुढं कशाला करू?

एक कोपरा चोपून होईतो दुसरा वाळला. सकाळी पाहावं तर भुईला बोटबोट भेगा. काकू उंबऱ्यात बसून रडली. मी तेव्हा माहेरपणाला आले होते. मला राग आला, त्या रितीचा आणि काकूच्या हट्टाचाही, आणि दोन्ही राग मी तिलाच ऐकवले.

तिनं डोळे पुसले, सगळी भुई पुन्हा फोडून भिजत घातली आणि पदरात गुळाचे खडे घेऊन निघाली. पहिलं दार गाठलं तेही पारूबाईंचं. सोवळ्या-ओवळ्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. मी मागं उभी राहून देवाचं नाव घेत होते.

"कुंकू माझ्या हाती न्हाई, बाई. गूळ आनलाय. भुई चोपायला याल का?"

पारूबाईंनी खडा तोंडात टाकला आणि कोपऱ्यातलं चोपणं उचललं. "काल दिसभर तुझं एकटीचं चोपणं ऐकत होते मी. आदीच यायचं न्हाई का?"

मग काय, सगळी गल्ली लोटली. ओळीनं बसून आम्ही अशी चोपणी केली, की हात दुसऱ्या दिवशी वर उचलेनात. कमलनं गुळगुळीत गोट्यानं घोटून शेवटचा हात दिला.

पाहुणे आले तेव्हा काकूनं जाजम गुंडाळूनच ठेवलं होतं. व्यंकटराव दारात क्षणभर थांबले, मग उपरणं सावरून सरळ भुईवर बसले. बोलणी झाली, पोरगी पसंत पडली. सुपारी फोडायची वेळ आली तशी वडिलांनी इकडंतिकडं पाहिलं. "दगड आना रे कुनी खाली ठेवायला."

"दगड कशाला?" काकू आतून म्हणाली. "भुईवरच ठेवा."

वडिलांनी सुपारी भुईवर ठेवली, बत्ता उचलला आणि घाव घातला. सुपारीची शकलं झाली. व्यंकटरावांनी ती बाजूला सारून खालच्या जागेवरून अंगठा फिरवला. खळगा नव्हता.

"आप्पाराव," ते म्हणाले, "लेक बी अशाच हातची हाय ना?"

माझे वडील, फरशीवाले आप्पाराव, ताठ बसले. "वहिनीच्या हातची हाय," ते म्हणाले.