पहिलं हसू माझं

आमच्याकडे पहिलं हसू माझं असायचं. कोणी ठरवून दिलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

महिन्यातल्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी आम्ही अमरावतीतल्या एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर जमतो. फळ्यावर शनिवारची गणितं तशीच असतात. बाक भिंतीला सरकवायचे, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, आणि फळ्यापुढची मोकळी जागा म्हणजे रंगमंच. दिवे वेगळे नाहीत, ट्यूबलाइटच. ज्याने काही नवीन लिहिलंय, बसवलंय, त्याने ते इथे पहिल्यांदा करून पाहायचं. आम्ही त्याला 'कच्चा प्रयोग' म्हणतो. करणारा बहुतेक वेळा घाबरलेला असतो, बघणारे अवघडलेले. अशा वेळी कोणीतरी मोकळेपणाने हसलं की खोली सैल होते. माझं हसू मोठं आहे, छातीतून येतं. म्हणून मला पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसवायचे. माझ्याबरोबर हे सगळं चालवणारे एक वकील आहेत. ते म्हणायचे, "भाऊ, तू हसला की अर्धा प्रयोग पास."

नियम एकच, आणि तो मी केलेला. प्रयोग झाला की करणाऱ्याने खुर्चीवर बसायचं आणि लोक काय म्हणतात ते ऐकायचं. उत्तर द्यायचं नाही. खुलासा करायचा नाही, "मला असं म्हणायचं होतं" हे तर अजिबात नाही. जे बोलायचं ते खाली उतरल्यावर, चहाच्या टपरीवर. हा नियम मला फार आवडायचा. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, लोकांना गप्प बसवायची सवय आहे.

त्या बाई दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यानंतर पहिल्यांदा आल्या. मूर्तिजापूरला एका खासगी शाळेत शिक्षिका. वय चाळिशीच्या आसपास, बोलणं शुद्ध, शाळेत बोलतात तसं. बडनेऱ्यापर्यंत रेल्वेने आणि पुढे ऑटोने आल्या होत्या. प्रयोगासाठी हातात फक्त एक जुना बटणांचा मोबाइल होता. "मी माझ्या आईचे फोन करून दाखवणार आहे," एवढं सांगून त्यांनी तो कानाला लावला.

आणि आवाज बदलला.

"हालो... हालो... मी बोलून राह्यली. तुयी माय. दुसरं कोन बोलीन या फोनवर? जेवली काय वं? मी नाई जेवली. घास खाली उतरत नाई. जाऊ दे. थे आयक, शेजारनीची कोंबडी हाय न, थे रोज आपल्या चुलीपाशी येऊन बसते. हाकलली त मायाकडंच पायते, जशी काई मीच तिच्या घरी पावनी आली!"

खोली अवघडलेली होती. मी तोंड दाबून बसलो होतो, कारण पहिलं हसू योग्य जागी पडलं पाहिजे. त्या पुढे गेल्या. दुसरा फोन, तिसरा फोन. लाईन गेली म्हणून बंद पडलेल्या टीव्हीला म्हातारी म्हणाली, "बस बाबू, तूबी बस आता मायासंगं अंधारात." मग चौथा.

"लुगडं ढिलं होऊन राह्यलं वं माय. दोन गाठी मारल्या तरी घसरते. पाह्य, या वयात तुयी माय हिरोईन झाली!"

तिथे मी हसलो. खळखळून, खुर्ची हलेल इतका. माझ्यामागे सगळी खोली हसली, आणि मग शेवटपर्यंत थांबलीच नाही.

वऱ्हाडी कानावर पडली की आमच्या शहरी माणसाचा चेहरा आधीच हसायच्या तयारीला लागतो. आमच्या घरी 'मले' म्हटलं की पाठीत धपाटा बसायचा, 'मला' म्हणेपर्यंत. स्टेजवर ही बोली आम्ही पाहिली ती नोकराच्या, बावळटाच्या, भांडकुदळ म्हातारीच्या तोंडी. म्हणजे आमची आजी ज्या बोलीत रडली, ती स्टेजवर आली की आम्ही हसतो. हे मला आज लिहिता येतं. त्या संध्याकाळी मी फक्त हसलो.

नियमाप्रमाणे त्या खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

"मॅडम, टायमिंग एक नंबर!"

"कोंबडीचा आयटम वाढवा अजून."

"आमची मोठी आई हुबेहूब अशीच होती बाप्पा. फोनवर असली की आम्ही स्पीकर लावून सगळे ऐकायचो."

वकील म्हणाले, "लुगड्याचं वाक्य तर जबरदस्त. तिथे थोडं थांबा, लाफ्टर येऊ द्या."

त्यांनी सगळं ऐकलं. जिना उतरताना माझ्या बाजूला आल्या आणि म्हणाल्या, "सर, आता बोलू का?"

"बोला ना."

"माझी आई वारली. मागच्या फाल्गुनात. पोटाचा कॅन्सर होता, कळला तेव्हा काहीच उरलं नव्हतं. हे फोन खरे आहेत. ती रोज काहीतरी गंमत सांगायची आणि मध्येच एखादं असं वाक्य. मी हसायची आणि ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये नक्कल करून दाखवायची." त्या पायरीवर थांबल्या. "लोकांना ते मधलं वाक्य ऐकू यावं, एवढंच मला पाहिजे."

मी काय बोललो ते मला शब्दशः आठवतं, कारण मी ते फार आत्मविश्वासाने बोललो होतो. "शेवट लिहा. शेवट नाही म्हणून लोक हसले. शेवटाला कोणी हसणार नाही, ही जबाबदारी माझी."

शेवट त्यांनी लिहिला. म्हणजे लिहायला काही नव्हतं, तोही खराच होता. शेवटच्या फोनवर म्हातारी म्हणते, "आज मायाजवळ सांगाले काई नाई. तू बोल." आणि मग काहीच नाही. बाईंनी नुसता फोन कानाला लावून उभं राहायचं.

हा प्रयोग आम्ही अकोल्याला नेला. तिथेही आमच्यासारखीच मंडळी आहेत, तीही कच्चे प्रयोग करतात, फक्त त्यांच्याकडे छोटं सभागृह आणि दोन स्पॉटलाइट आहेत. मी अमरावतीहून बस पकडली, बाई मूर्तिजापूरला चढल्या. सभागृहात मी पहिल्या रांगेत बसलो आणि दात आवळून धरले. माझी मदत कोणालाच लागली नाही. कोंबडी आली, हॉल हसला. टीव्ही आला, हॉल हसला. लुगड्याला टाळ्या पडल्या.

मग शेवट. "तू बोल," असं म्हणून त्या थांबल्या. स्पॉटलाइटमध्ये, फोन कानाला. मला वाटलं, आता. लोक पुढच्या विनोदाची वाट पाहत होते. कुठेतरी खुदखुद सुरू झाली. आणि मागून एकाने आवाज टाकला, "बुढीचा बॅलन्स संपला वाटते!"

सगळा हॉल फुटला.

बाई तशाच उभ्या राहिल्या, ठरलं होतं तितका वेळ. मग फोन खाली घेतला, नमस्कार केला आणि आत गेल्या. आयोजकांनी मला मिठी मारली. "सायलेन्सवर लाफ्टर घेते राव बाई! हे कोणाले जमत नाही."

परतीच्या बसमध्ये मी माफी मागायची तयारी करत होतो. पण त्यांनी पिशवीतून भुईमुगाच्या फल्लीचे दाणे काढले, मूठभर माझ्या हातावर ठेवले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सर, मला बरं वाटून राहिलंय."

मला काही कळलं नाही.

"एवढा हॉल होता. एकालाही ऐकू नाही आलं. तुम्ही तर वर्षानुवर्षं नाटकवाले, शब्दन् शब्द पकडता. तुम्हालाही नाही आलं, तुम्हीच तर पहिले हसले. मग मले काहून ऐकू आलं असतं?" त्यांच्या बोलण्यात 'मले' पहिल्यांदाच आलं होतं. "आता झोप लागेल मला."

तिथे मी थांबायला हवं होतं. माणूस काही धरून उभा असेल तर ते काय आहे हे विचारू नये, धरू द्यावं. पण मला माझी लाज छळत होती. मी पहिला हसलो, ही गोष्ट मला धुऊन काढायची होती, आणि त्यांच्या बरं वाटण्याने ती धुतली जात नव्हती. मी घरी जाऊन विचार केला आणि मोठं तत्त्व शोधून काढलं. चूक प्रयोगाची नाही, प्रेक्षकांची आहे. हे शहरातले लोक आईची बोली ऐकतात, आई ऐकत नाहीत. ज्यांची ती रोजची बोली आहे त्यांच्यापुढे हा प्रयोग झाला पाहिजे. म्हणजे दर्यापूरजवळच्या त्यांच्या आईच्या गावात.

"गावात नको, सर," त्या फोनवर म्हणाल्या.

मी पुन्हा फोन केला. त्या म्हणाल्या, शाळेला सुट्टी नाही. मी पुन्हा केला. शेवटी मी म्हणालो, "तुमच्या आईचं म्हणणं एकदा तरी नीट ऐकलं जायला नको का?" मग त्या म्हणाल्या, "बरं."

मजूर बायांना बाजाराच्या दिवशी वावरातून सुट्टी असते, म्हणून तोच दिवस धरला. सकाळी बाजाराला निघण्याआधी शेजारणीच्या अंगणात दहा-पंधरा बाया जमल्या. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या, एकीवर मला बसवलं, एक बाईंसाठी ठेवली. बाईंचं माहेरचं घर शेजारीच, कुलूप लागलेलं. त्या तिकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"जेवली काय वं? मी नाई जेवली. घास खाली उतरत नाई..."

कोंबडीवर शेजारीण हसली. "मायीच कोंबडी होती वं थे, अवदसा!" बाकीच्याही थोड्या हसल्या. पण कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी हसली नाही. ती 'घास उतरत नाई'पाशीच राहिली होती.

"लुगडं ढिलं होऊन राह्यलं वं माय. दोन गाठी मारल्या तरी घसरते..."

कोणी हसलं नाही. हिरोईनचं वाक्य त्यांनी म्हटलं, तेही तसंच अंगणात पडून राहिलं. मला आठवतं, माझ्या अंगावर काटा आला. समाधानाचा. शेवटी ऐकू आलं, असं मला वाटलं. एवढा मी मूर्ख होतो.

म्हातारी म्हणाली, "हे कवाची गोष्ट हाय वं?"

बाईंच्या कानाला फोन तसाच होता. "पोयाच्या आंगची," त्या म्हणाल्या. म्हणजे पोळ्याच्या सुमाराची.

"पोयापासून लुगडं ढिलं होत होतं? अन् दवाखान्यात कवा नेली?"

"संक्रांत झाल्यावर."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. म्हातारी टोचून बोलत नव्हती. रस्त्यात भेटलेल्याला विचारावं तसं विचारत होती, आणि ते जास्त वाईट होतं. "आमाले त काई बोलली नाई. इतं बसून भाजी निवडे, चांगली हासे. आमाले सांगतलं असतं त आमी घातलं असतं गाडीत, नेलं असतं दर्यापूरले."

"पदरानं पोट झाकून ठिवे वं," शेजारीण म्हणाली, "तुलेच सांगत होती थे. दुसऱ्या कोनाले नाई."

बाईंनी फोन खाली घेतला. शेवट राहिला होता. त्या खुर्चीवर जाऊन बसल्या, पर्स मांडीवर घेतली, दोन्ही हात पर्सवर ठेवले. त्या माझा नियम पाळत होत्या.

बाया बोलत राहिल्या. लुगडं ढिलं म्हणजे अंग उतरलं, हे कोणाले नाई समजत. माय गमतीनं सांगते, लेकीनं गमतीनं थोडीच घ्या लागते. मंग काय करीन, तिची नोकरी होती. नोकरी होती, पन रविवार त होता. एकीने तिला गप्प केलं, दुसरीने बाईंच्या डोक्यावरून हात फिरवला, तिसरी चहा ठेवायला आत गेली. बाई ऐकत होत्या. मला एक वाक्य बोलता आलं असतं. निदान उठता आलं असतं. मी मधल्या खुर्चीवरच्या माणसासारखा बसून राहिलो.

चहा झाला. परत निघायला आम्ही फाट्यावर जीपमध्ये येऊन बसलो. सीट भरल्याशिवाय जीप हलत नाही, आणि बाजाराला जाणाऱ्या बाया अजून तयार होत होत्या. मागच्या बाकावर आम्ही दोघंच. इथून ते अंगण दिसत होतं, कुलूपही दिसत होतं. मी तेच म्हटलं जे मी दर महिन्याला जिना उतरताना प्रयोग करणाऱ्याला म्हणतो.

"मॅडम, आता बोलू शकता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. वर्गात एखाद्या पोराने अगदी सोप्या गणिताचं उत्तर चुकवावं, तसं पाहिलं.

"कोणाशी बोलू, सर?"

मग बाया आल्या, पिशव्या चढल्या, कोणीतरी आमच्या मधे रिकामी टोपली ठेवली. जीप भरली आणि निघाली.