गुरुजींच्या गाडीचं नवं इंजिन

मंडळी, इंजिन कानानं ओळखतो म्हणून साकोलीत माझं गॅरेज चालतं. आज त्याच कानांची लाज वाटली.

आंधळे झालेल्या गुरुजींची जुनी अँबॅसिडर इंजिन निकामी होऊन आली होती. मी म्हटलं, "पहिल्यासारखं पेट्रोल इंजिन शोधू."

त्यांचा मुलगा म्हणाला, "कायले, काका? डिझेलच बसवा. बाबाले कुठं दिसून राहिलं!"

मी हसलो अन् बसवलं.

सकाळी गाडी त्यांच्या दारात नेली. गुरुजी ओसरीतून ओरडले, "धानाच्या बांधीतलं पानी ओढायचं इंजिन कोनं चालू केलं रे? बंद करा! माझी गाडी येऊन राहिली, आवाज ऐकू द्या."

मुलगा खो-खो हसला. मी इंजिन बंद केलं.

गुरुजी रस्त्याकडे कान लावून बसले.

गाडी आली, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?