पत्रकातली दुसरी ओळ

तुमच्या घरच्या तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत आज सकाळी काजळ कोणी घातलं?

आमच्या घरी ते माझी आई घालायची. राज्य नवं झालं होतं, आणि पत्रकं वाचून वाढलेल्या मला वाटे, माणसं नवी व्हायला फक्त माझ्या पत्रकाचाच उशीर आहे. म्हणून मी एक छापून घेतलं. गुलाबी कागद, दोन ओळी: 'तान्ह्या बाळाला काजळ घालू नका. तान्ह्या बाळाला चोळू नका.' वरवट बकालच्या बाजारात वाटलं. बऱ्याच जणांनी त्यात भजी बांधून नेली.

तेव्हा धाकटी बहीण बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. भाची दोन महिन्यांची झाली तरी तिचा डावा डोळा न रडताही वाहायचा, सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. मी कडाडलो, "काजळ बंद!" आईनं डाव्या डोळ्यातलं बंद केलं, उजव्यात चालूच ठेवलं.

"तो डोया बरा हाये," ती म्हणाली. "त्याच्यावर काऊन सभा?"

डाव्याचं पाणी काही थांबेना. शेवटी आम्ही तिघं पोरीला घेऊन बसनं जळगाव जामोदला डॉक्टरांकडे गेलो. तिथे पोचताच बहीण म्हणाली, "डोया जाईन का हो माह्या पोरीचा?"

"नाही जात," डॉक्टर म्हणाले. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायला बारीक नळी असते, तिचं खालचं तोंड अजून उघडलं नव्हतं. काजळ दोन्ही डोळ्यांना बंद. मी आईकडे जिंकल्यासारखं पाहिलं.

"आणि रोज चोळायचं," ते पुढे म्हणाले. डोळ्याच्या नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट हलकं दाबायचं आणि नाकाच्या कडेनं खाली आणायचं. वर्षाची होईपर्यंत नळी उघडली नाही, तर अकोल्याला नेऊन तिच्यात बारीक तार घालावी लागेल.

तारेचं नाव निघताच बहिणीनं पोरीला छातीशी धरलं. आई मात्र माझ्याकडे वळली. "काऊन रे, तुया कागदात त चोळू नका लिवलं हाये. डॉक्टरसायबाले देल्ला नाही का एखादा?"

घरी आल्यावर प्रायश्चित्त म्हणून मीच चोळायला बसलो, तेही खालून वर. भाचीनं गल्ली गोळा केली.

"हट बाजूले!" आई म्हणाली. "पोरगी हाये ते, तुया छापखान्याची मशीन नाही."

मग तिनं नखं काढली, हात धुतले, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या. त्या बोटांनी आम्हा दोघा भावंडांना चोळलं होतं. त्यांना वर-खाली शिकवावं लागलं नाही. दिवसातून चार वेळा, महिनोन्‌महिने. पोरगी रांगायला लागली तरी डोळा वाहतच होता, आणि बहीण वर्षाला किती दिवस उरले ते बोटांवर मोजायची. मग एका सकाळी पापण्या कोरड्या निघाल्या. दुसऱ्या दिवशीही. बहीण रडली, पोरगी हसली.

आई मला म्हणाली, "आता लिव."

लिहितो. तो गुलाबी कागद तुमच्या घरी उरला असेल, तर पहिली ओळ राहू द्या. दुसरी आजच खोडा आणि तिथे आपल्या हातानं लिहा: 'डोळा वाहत असेल तर डॉक्टरांना दाखवा. चोळायचं कसं ते त्यांच्याकडून शिका, आणि आधी नखं काढा.'