लाइने नदीत सोडलेला जीवखडा

मी कपडे वाळत घालत होते आणि हे वाफ्यातले गोटे वेचत होते. "अगं, नदी एवढी लांब, मग इथले दगड गुळगुळीत कसे?"

उत्तर मला पुस्तकात सापडलं, पण हे गेल्यावर. हिमयुगात बर्फ वितळून आलेल्या पुरांनी हॅनोव्हरची ही जमीन गोट्यांनी भरून टाकली.

त्यातलाच एक गोटा आम्ही जीवखडा म्हणून घेतला. त्यात यांचा जीव मानून दहा दिवस विधी केले आणि काल लाइने नदीत सोडला. तो काठाशीच, तळाला स्वच्छ दिसत राहिला.

"आई, जाईल वाहून," मुलगा म्हणाला.

"त्याला आणणारं पाणी वेगळं होतं रे. हे त्याला हलवणारसुद्धा नाही."

तुमच्यापैकी कुणी इथे जर्मनीत जीवखडा सोडलाय का? पाठ फिरवून घरी कसे आलात?

आज सकाळी मी पुन्हा तिथेच जाऊन उभी राहिले.