अक्का दुसऱ्या भागात नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही मला ओळखत असता तर इथेच हसला असता — दिनेशनं न सांगितलेली गोष्ट? ज्याची बस चुकली तरी त्याचा पाऊण तासाचा किस्सा होतो, त्याच्या पोटात काही राहिलंय? राहिलंय. दोन उन्हाळे राहिलंय. आणि उन्हाळे जळगावचे, जिथं अंडं कोंबडीच्या पोटातच उकडून निघतं.

पाहा, लगेच सुरू झालो. थापेशिवाय मला दार उघडता येत नाही. तर आधी थापांचंच सांगतो, म्हणजे खरं कुठं सुरू होतं ते तुम्हालाही कळेल आणि मलाही.

मी मूळचा धुळ्याचा. जळगावला नळ-पाइपांच्या दुकानात काउंटरला आहे. दुकान राजस्थानकडच्या शेठजींचं, पण दुपारी गल्ल्यावर त्यांचा पुतण्या मनीष असतो — पंचविशीचा, गेमचा नादी. मी नवीन होतो, खोलीवर एकटा, गावात ओळख नाही. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा डबा खाताना बोलायला काहीतरी पाहिजे ना? मी बोललो. म्हणालो, धुळ्यात मी ढकलाढकलीचा उस्ताद होतो.

ढकलाढकली हे आमचं नाव. गेमचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक. मारामारीचाच गेम, पण निराळा. हवेत फळ्या तरंगत असतात, त्यांवर उड्या मारत एकमेकांना बडवायचं. मार खाऊन कुणी मरत नाही, नुसता हलका होत जातो; आणि पुरता हलका झाला की एका फटक्यात पडद्याबाहेर. ज्याला फळीवर परतता आलं नाही तो हरला.

मनीषला मी सांगितलं की मी हा गेम डोळ्यांवर रुमाल बांधून खेळायचो. सांगितलं की माझा सामना असला की नरडाण्याची पोरं रेल्वेनं यायची, डबे घेऊन. जिन्यावर इतकी गर्दी की एकदा कठडा तुटला. पिंपळनेरचा एक नावाजलेला खेळाडू माझ्याकडून हरला आणि गेम सोडून शेळ्या पाळायला लागला. मनीष हसून हसून लोळायचा, पण उस्ताद ही गोष्ट त्याला खरी वाटत होती. "दिनेशभाऊ, तुम्ही म्हणजे कमाल आहात," म्हणायचा, आणि आपल्या डब्यातलं लोणचं माझ्याकडे सरकवायचा. जळगावात माझ्याजवळ कुणी येऊन बसायचं ते या एका थापेमुळे.

खरा उस्ताद नईम होता.

नईम माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं धुळ्यात मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. शेतातल्या जळलेल्या मोटारी उघडून तांब्याची तार पुन्हा गुंडाळायची, वेढा न वेढा बरोबर. त्याची बोटं अशी चालायची की डोळ्याला दिसू नयेत. ही थाप नाही. त्याच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर आम्ही दोघं अकरा वर्षं ढकलाढकली खेळलो. त्यात मी त्याला किती वेळा हरवलं? एकदा. त्या दिवशी त्याला ताप होता.

त्याचा खेळाडू ठरलेला — छत्रीवाली म्हातारी. कमरेत वाकलेली, हळू, कुणी घेत नाही अशी. नईमनं तिचं नाव अक्का ठेवलं होतं. ती छत्री उघडून असली तरंगत परत यायची की मी फेकून दमायचो, पण ती फळीवर हजर. "अक्काला घालवणारा अजून जन्मायचा आहे," असं तो म्हणायचा, आणि मी कंट्रोलर आपटायचो. ते दिवस — जाऊ द्या. त्या दिवसांबद्दल गोड बोललो तर तुम्ही मला भला माणूस समजाल.

मी जळगावला आलो आणि वर्षभरानं नईमच्या पायावर मोटर पडली. पंधरा एचपीची. नडगीचं हाड दोन ठिकाणी गेलं, सळई घातली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की सहा महिने खाटेवर. दुकान धाकट्या भावानं सांभाळलं. नईम खोलीत पडून, समोर तोच जुना कॉम्प्युटर.

त्याच सुमारास बातमी आली की ढकलाढकलीचा दुसरा भाग येतोय. आणि यात मोठी गोष्ट ही की आता लांबूनही खेळता येणार होतं. तो धुळ्यात, मी जळगावात, मध्ये अख्खा पारोळा-एरंडोल, तरी एकाच फळीवर. कानाला हेडफोन लावून बोलायचंही.

नईमचा फोन आला. आमची भाषा अर्धी अहिराणी, अर्धी हिंदी. म्हणाला, "दिन्या, दुसरा भाग ई ऱ्हायना. पहिलाच दिन लेवाना का? तू लेशी ते मी लेसू. एकला काय खेळसू?"

पहिल्याच दिवशी घ्यायचा का, तू घेणार असशील तर मी घेतो, एकटा काय खेळू — एवढंच विचारत होता तो. सहा महिने छताकडे पाहत पडायचं होतं त्याला, आणि त्यातले दोन तास माझ्याशी ढकलाढकली करून काढायचे होते. दुसरं काय होतं त्या प्रश्नात?

आता हा प्रश्न तुम्ही मला एरवी विचारला असता — असल्या गेमचा दुसरा भाग पहिल्या दिवशी घ्यावा का? — तर मी खरं उत्तर दिलं असतं, कारण ते मला माहीत होतं. बाकीच्या गेमचं सोडा, ते थांबून घ्यावेत. सुरुवातीला अर्धवट असतात, दुरुस्त्या मागून येतात, स्वस्तही होतात. पण हा गेम माणसांशी खेळायचा आहे. पहिल्या दोन-चार आठवड्यांत सगळे नवखे असतात, सगळे चुकतात, कुठंही बोट ठेवा तिथं जोडीदार मिळतो. मग हौशी निघून जातात, उरतात ते हाडाचे खेळणारे. उशिरा येणाऱ्याला गेम तोच मिळतो, पण खेळायला माणूस मिळत नाही. तेव्हा घ्यावा तर पहिल्याच दिवशी. आणि दोघांनी मिळून घ्यावा.

हे सगळं मला ठाऊक होतं. मी काय म्हणालो?

म्हणालो, "नको घेऊ. बिघडवलाय पार. मी पण नाही घेत." तो म्हणाला, असं काय बिघडवलंय? आता इथं दुसरा कुणी अडखळला असता. मी थापेबाज — माझी जीभ कधी अडखळली? मी म्हणालो, "अक्काला काढून टाकलंय. दुसऱ्या भागात अक्का नाही."

तो म्हणाला, अच्छा. मग राहू दे.

मोबाईलवर दोन मिनिटं शोधलं असतं तरी त्याला कळलं असतं. त्याच्याकडे तर शोधायला सहा महिने होते. त्यानं शोधलं नाही. कशाला शोधेल? मी सांगितलं होतं ना.

कारण तुम्ही ओळखलंच असेल. मनीष तो भाग घेणार होता. तो रोज म्हणत होता की दिनेशभाऊ, तुमचे धुळ्याचे पैलवान पण बोलवा, चौघं मिळून खेळू. नईम आला असता तर पहिल्याच सामन्यात त्यानं मला मिनिटभरात पडद्याबाहेर घातलं असतं, वर मोठ्यानं हसला असता — "अरे, याच्याकडून तर मी फक्त तापात असताना हरलोय!" — आणि मनीषनं ते ऐकलं असतं. मग डबा कुणासोबत खाल्ला असता मी? हे कारण सांगतोय म्हणून सूट मागतोय असं समजू नका. माझा दोस्त खाटेला खिळला होता आणि मला लोणच्याची काळजी होती.

मी दुसरा भाग पहिल्या दिवशी घेतला. नाव दुसरंच टाकलं. सुरू केल्याबरोबर खेळाडू निवडायचं पान आलं, आणि वरच्या ओळीत, डावीकडून तिसरी, छत्री घेऊन अक्का. आधीपेक्षा सुबक काढलेली. छत्रीला नवीन फुलं.

मनीष पंधरा दिवसांत कंटाळला. क्रिकेटच्या गेमकडे वळला, मग लग्न जमलं, मग गेमच सुटला. म्हणजे ज्याच्यासाठी मी हे केलं ते कारण पंधरा दिवसांत संपलं. त्यानंतर मी नईमला फोन करू शकत होतो की नाही? "अरे, चुकलो, अक्का आहे, घे लवकर" — सहा शब्दांचं काम. चुकलो म्हणायचीही गरज नव्हती. अक्काला परत आणलंय म्हणालो असतो तरी त्यानं मानलं असतं. जन्मभर थापा मारणाऱ्याला ही एक उपयोगाची थाप मारता आली नाही. मी रोज संध्याकाळी खोलीचं दार लावून तो गेम खेळलो. परक्यांशी. त्यांची नावं वाचता यायची नाहीत, जिंकलो तरी कुणाला सांगायची सोय नाही.

मध्ये एकदा धुळ्याला जाऊन आलो. नईम उशीला टेकून पहिला भाग खेळत होता, कॉम्प्युटरशी. दुसरा कंट्रोलर खाटेवर पडलेला होता. मला पाहून त्यानं तो नुसता पुढे केला आणि आम्ही खेळलो. मी सगळे सामने हरलो. त्याची अम्मी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "बेटा, तू आता है तो इसकी आवाज सुनाई देती है. वरना दिन दिन भर चुप." त्याचा मामेभाऊ आला होता, तो दुसऱ्या भागाचं काहीतरी विचारायला लागला, नईम त्याला म्हणाला, "भंगार आहे तो. दिन्याला विचार, त्याला सगळं माहीत असतं." मामेभावानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. चहा प्यालो. दोन बिस्किटं खाल्ली.

जळगावच्या बसमध्ये मला उलटी झाली. ही थाप वाटेल, पण नाही. अर्थात, चहानंही झाली असेल.

मग वर्ष गेलं. नईम चालायला लागला, जरा लंगडत. दुकानात जायला लागला. दुसऱ्या भागाची गर्दी ओसरली. रविवारी दुपारी आपल्याकडच्या खेळाडूंत जोडीदार शोधला तर समोर यायला मोजून आठ-दहा जण, फिरून फिरून तेच.

अशाच एका रविवारी समोर एक नवीन नाव आलं. आकडे आणि अक्षरं, काही अर्थ नसलेलं. पण घेतली होती छत्रीवाली. आणि सामना सुरू व्हायच्या आधी तिनं जागच्या जागी तीन उड्या मारल्या, थांबली, मग एक छोटी. ही नईमची सवय. शाळेपासूनची. तो म्हणायचा, अक्का गुडघे मोकळे करते आहे. जगात कुणी तसं करत नाही. त्या म्हातारीला तर कुणी घेतच नाही.

मी उठून दार नीट लावलंय का ते पाहिलं. बाहेर बेचाळीसचं ऊन.

आम्ही नऊ सामने खेळलो. मी आठ हरलो. नववा त्यानं सोडला, मला कळलं. समोरचा फारच हरायला लागला की तो एक सोडतो. मग पडद्यावर त्याचा निरोप आला — छान खेळता, कुठून? मी किती वेळ बसलो त्याच्याकडे पाहत? एका बोटाचं काम होतं. मी टाइप केलं, "इंदूर." त्यानं अंगठा पाठवला, मग मैत्रीची विनंती. म्हणजे पुढेही खेळू या.

मी ती नाकारली.

मग मला समजलं ते असं की त्यानं गेम उघडला त्या दिवशी अक्का त्याच्यासमोर आली असणार. वरच्या ओळीत, डावीकडून तिसरी. म्हणजे माझी थाप त्याला केव्हाच कळली होती. कधी? महिन्यापूर्वी? की खाटेवर असतानाच? आणि तोही मला ओळखत असेल का? मला त्याच्या उड्या ओळखता येतात तर त्याला माझं हरणं ओळखता येत नसेल? हे मला माहीत नाही. विचारायला पाहिजे होतं, म्हणून त्या आठवड्यात मी फोन केला. विचारायलाच केला होता, खरं सांगतो. पायाची चौकशी केली, दुकानाची केली, अम्मीची केली. मग जीभ वळली ती अशी, "काय रे, तो दुसरा भाग तू घेतला की काय शेवटी?"



"नही रे भाऊ," म्हणाला. "तूच सांगं व्हतं ना, अक्का नही शे त्यामा. मंग कसाले लेऊ?"

मग कशाला घेऊ — अगदी सहज म्हणाला. जणू माझी थाप त्यालाच सांभाळायची होती, आणि तो सांभाळत होता — मला खाली पाहावं लागू नये म्हणून. आमच्या दोघांत खोटं बोलायचं काम नेहमी माझं. त्याला मी पहिल्यांदाच खोटं बोलताना ऐकलं, आणि ते माझ्यासाठी होतं. त्यानंतर खरं सांगायला फोनवर जागा होती. बरीच होती. मागे दुकानात कुणीतरी मोटर चालू करून पाहत होतं.

मी म्हणालो, "बरं केलं."

मग आम्ही उन्हाबद्दल बोललो.