कोरड्या बोटीचे काका

कतरसारख्या वाळवंटी देशात राहून पाण्याशी इतकं वैर धरलेला माणूस आमच्या मालवणी काकांशिवाय दुसरा नसेल. अल अझीझियात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते आणि काकी राहतात. नोकरी एसीच्या कंपनीत. उन्हाळाभर लोकांच्या छतातून ठिबकणारं पाणी थांबवायचं हे कामच. पण हिवाळ्यात एसी बंद झाले तरी काकांचं युद्ध चालूच राहतं. आईच्या कुकरची दुसरी शिट्टी झाली की ते दारात हजर. "वैनी, पंखो लावलात मां?" एग्झॉस्ट फिरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते चहाला बसत नाहीत, आणि बसण्याआधी सोफ्याची उशी उचलून खाली तळहात टेकवून पाहतात. एकदा आमच्याकडे पाहुण्या बाई बसलेल्या असताना काकांनी त्यांना अदबीने उभं केलं, त्यांच्या खालची उशी तपासली आणि म्हणाले, "कोरडी आसा. बसा आता." त्या बाई पुन्हा आमच्याकडे आल्या नाहीत.

अशा माणसाकडे त्यांच्या कंपनीच्या कतरी मालकांची बोट होती. ती द पर्ल या किनारी वस्तीतल्या मरीनात, बोटींच्या धक्क्यावर, उभी असते. काकांचे वडील मालवणात होडी चालवायचे, तेवढ्या भांडवलावर त्यांनी ती देखभालीसाठी मागून घेतलेली. दर शुक्रवारी सकाळी ते तिच्याकडे जात आणि मला सोबत नेत. ही कल्पना आईची. "घरात ही तोंड उघडत नाही, जरा बाहेरचा वारा लागू दे." मी तिथेही तोंड उघडत नसे. काका मालवणीत प्रश्न विचारत, मी इंग्रजीत एका शब्दात उत्तर देई, आणि ते बोटीकडे वळून म्हणत, "ह्या चेडू तुझ्यापेक्षा गप्प."

गेल्या हिवाळ्यात मालकांच्या आई एक रात्र बोटीवर झोपल्या. सकाळी गादी खालून ओलीचिंब, आणि छतावरचे थेंब त्यांच्या कपाळावर. मालकांना वाटलं बोट गळतेय. पाणबुडे बोलावले, त्यांनी तळ तपासला, एकही भोक सापडलं नाही. काका सगळ्यांना सांगत सुटले, "पाणी भायरसून येऊक नाय. आपल्या तोंडातसून इला." थंडी म्हणून सगळं बंद करून आई झोपल्या, त्यांच्या श्वासातली वाफ गार भिंतींवर बसून तिचं पाणी झालं. कोणालाच पटलं नाही. यंदा मालकांनी ठरवलं की बोट देखभालीला एका बाहेरच्या कंपनीकडे द्यायची. काकांनी कसाबसा एक गुरुवार मागून घेतला: मालकांच्या आई पुन्हा एक रात्र बोटीवर झोपतील, थेंब दिसला तर किल्ली परत.

त्या आठवड्यात काकांनी भाजीवाल्याकडून जाळीची प्लास्टिकची खोकी आणली, त्यांचे तळ कापून गाद्यांखाली पसरले, खालून हवा फिरावी म्हणून. कपाटांची दारं कपड्यांचे चिमटे लावून बोटभर उघडी ठेवली. बोटीवर पाणी उकळायला बंदी. करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, किनाऱ्यावर करून थर्मासातून आणायचा. एका कोपऱ्यात छोटा पंखा, आणि छतातली झडप चार बोटं उघडी. "वारो खेळाक व्हयो," असं ते मला इतक्या वेळा म्हणाले की घरी मी बाथरूमची खिडकी नकळत उघडू लागले.

गुरुवारी संध्याकाळी मालक आईंना घेऊन आले. मी चादरी घालत होते. आईंनी शाल ओढून घेतली, आणि मालकांनी सरळ हात वर करून ती झडप लावून टाकली.

मी काकांकडे पाहिलं. साऱ्या बिल्डिंगला दरडावणारा माणूस हात पाठीमागे बांधून उभा होता. "येस सर," एवढंच ते म्हणाले. वीस वर्षांच्या नोकरीत मालकांना नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

मग कोणीतरी इंग्रजीत बोलू लागलं, आणि ती मी होते. म्हटलं, सर, झडप लावली तर तुमच्या आईंचाच श्वास पाणी होऊन पहाटे त्यांच्या अंगावर पडेल. त्यांना जास्तीचं ब्लँकेट द्या, पण झडप उघडी ठेवा. गेल्या वर्षी भोक सापडलं नाही, कारण भोक नव्हतंच.

आईंनी अरबीत काही विचारलं. मालकांनी समजावलं. त्या हसल्या, आपला तळहात तोंडासमोर धरून त्यावर फुंकर घातली, ओलसर तळहात मुलाला दाखवला आणि म्हणाल्या, "यल्ला, चल, उघड."

मालकांनी झडप उघडली. काकांना विचारलं, "ही तुझी मुलगी?"

"येस सर," काका म्हणाले.

शुक्रवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा मालकांच्या आई बाहेर डेकवर उन्हात बसल्या होत्या. मालकांनी आमच्यासमोर कोरडा टिश्यू छतावरून फिरवला, मग भिंतीवरून, मग गादी उचलून खालून. टिश्यू कडकडीत कोरडा. त्यांनी तो घडी घालून काकांच्या खिशात ठेवला. किल्लीचा विषय काढलाच नाही. "पुढच्या गुरुवारी माझी बहीणही येईल," एवढंच म्हणाले. काकांनी उत्तरादाखल पंख्याची दिशा जराशी बदलली, जणू त्या बहिणीचा श्वास आत्तापासूनच मोजत होते.

परतताना गाडीच्या चारही काचा खाली होत्या आणि आम्ही दोघं कुडकुडत होतो. काका जिंकलेल्या माणसासारखे एका हाताने गाडी चालवत होते. काल त्यांनी मालकांना मी आपली मुलगी असल्याचं सांगितलं, ते त्यांनी दुरुस्त केलं नाही. मीही केलं नाही. मग ते रस्त्याकडे बघतच म्हणाले, "काच वर घे गो, थंडी लागतली तुका."

काकांनी काच बंद करायला सांगितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "असू दे, काका," मी मराठीत म्हटलं.